वहीत नसलेल्या पेंढ्या

माझं दुखणं सगळ्यात आधी कुण्या डॉक्टरच्या नाही, एका मणियाराच्या ध्यानात आलं.

भैय्याचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, साखरपुडा ठरला होता. त्यासाठी मी जुन्या जालन्यात बांगड्या भरायला बसले होते. दुकान माझी मैत्रीण सबा, तिच्या वडिलांचं. चाचांनी गप्पा मारता मारता डाव्या हातात डझनभर बांगड्या चढवल्या. मग उजवा हात हातात घेतला आणि त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी पंजा दाबून बघितला, दोन्ही हात शेजारी शेजारी धरले. डाव्याला बसलेल्या मापाची बांगडी उजव्या हाताच्या पेरांपाशीच अडली. एक माप मोठी घेतली, तीही अडली.

"बेटा, चालीस साल से हाथ देखतोय मी," ते म्हणाले. "कामाचा हात थोडा मोठा असतो, मालूम है. पण इतना नै. दिवाळीला मीच तुला भरल्या. तवा दोन्हीला एकच माप होतं. डॉक्टरला दाखव. जल्दी."

मी हसले. म्हणाले, चाचा, हा पिचरचा हात आहे, असाच असणार. डावा हात भरलेला आणि उजवा रिकामा, अशी मी घरी गेले.

त्यानंतर नवव्या दिवशी मी संभाजीनगरच्या दवाखान्यात होते.

हे मी लिहिते आहे ते खेळणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. वैद्यकीय माहिती डॉक्टर सांगतील. मी फक्त आमचं काय चुकलं ते सांगते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मी पदवीधर आहे आणि ते मी मान वर करून सांगते. पण शिकलेल्या माणसालाही स्वतःच्या अंगाचा हिशेब कळतोच असं नाही.

सरांची वही

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे माझं गाव. तिथल्या मुलीनं बेसबॉल खेळावा हे ऐकून लोक अजून हसतात. कॉलेजला जालन्यात आले तेव्हा मलाही तो खेळ माहीत नव्हता. आमच्या क्रीडा शिक्षकांनी एकदा मला चिंचेवर दगड मारताना पाहिलं आणि मैदानावर बोलावलं. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. समोरची बॅट घेऊन उभी, तिच्या मागं कॅचर. आमची कॅचर सबा. मी टाकायची आणि ती झेलायची, अशी आम्ही तीन वर्षं काढली.

खरं सांगायचं तर मी खेळले ते प्रमाणपत्रासाठी. राज्य स्पर्धेत पहिल्या तीन नंबरांत आलं की ते प्रमाणपत्र सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागांसाठी चालतं. मला पोलिसात जायचं होतं. गावात माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर पोरं होती. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला तीन वर्षं दिली होती. ती संपत आली होती.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्याच्या संघाला विभागीय साखळीतून वर जायचं होतं. सामने शनिवारी आणि रविवारी. पहिले दोन संघ राज्याला जाणार. सरांनी सुरुवातीलाच नियम घातला. ज्योतीनं, म्हणजे मी, आठवड्यात साठ चेंडू टाकायचे, तेही फक्त शनिवारी. रविवारी दुसरी मुलगी टाकेल. सोमवार ते बुधवार हाताला पूर्ण सुट्टी, गुरुवारी-शुक्रवारी फक्त पळायचं. त्यांनी एक वही केली होती. मी टाकलेला प्रत्येक चेंडू, सामन्याआधीच्या सरावाचासुद्धा, ते रेघ मारून मांडायचे. साठावी रेघ पडली की सामना कसाही असो, मी बाहेर.

रविवारी आम्ही हरायचो. दुसरी मुलगी नवखी होती. चौथ्या रविवारी हरल्यावर मैदानाकडेला एका खेळाडूचे वडील सरांना सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, त्या पोरीला काय लोणच्यात घालायचंय का? मुरत ठेवलीय नुसती."

सर म्हणाले, "तिचं वय एकवीस आहे. मला ती तिसाव्या वर्षीपण हात वर करताना बघायचीय."

त्यांच्या डोळ्यांत तेव्हा काही वेगळंच होतं. नंतर कळलं, त्यांचा स्वतःचा खांदा असाच गेला होता. पण मला त्या वेळी त्या माणसाचं म्हणणं पटलं होतं. शेवटचे दोन सामने राहिले होते आणि त्यातला एक जिंकणं भाग होतं. माझ्या हातात ताकद असताना मी बाकावर बसून आमचा संघ हरताना बघत होते.

सुट्टीचे तीन दिवस

सुट्टीचे तीन दिवस मी गावी जायचे. खोलीवर बसून काय करणार? घरी भैय्याच्या लग्नाची तयारी, त्यातच ज्वारी काढलेली. कणसं खुडून झाली होती, कडबा बांधून शेतात पडला होता. लग्नाच्या आधी तो घरामागं गंजीला लावायचा होता.

कडब्याची गंजी लावताना एक जण वर उभा राहून पेंढ्या रचतो आणि दुसरा खालून एकेक पेंढी वर फेकतो. गंजी जशी वाढते तसं फेकणाऱ्याला हात अजून वर न्यावा लागतो. वर भैय्या होता. खाली फेकायला माय होती, पण तिची कंबर धरली होती.

मी म्हणाले, सरांनी हाताला सुट्टी दिलीय.

माय म्हणाली, "बॉल टाकायचा न्हाई म्हणले ना? पेंढी टाकू नको म्हणले का?"

तिचा प्रश्न साधा होता. यात टोमणा नव्हता, लबाडी नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते बराबर वाटलं. चेंडू हा खेळ, पेंढी हे काम. खेळानं हात दुखतो, कामानं कुठं दुखतो? आमच्याकडं कामाला कुणी कामात मोजतच नाही. मी कंबर कसली आणि पेंढ्या फेकल्या. तीन आठवडे, सोमवार ते बुधवार. शनिवारी सर वहीत साठ रेघा मारायचे आणि म्हणायचे, बघा, आराम दिला की हात कसा ताजा राहतो.

मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "काय केलं तीन दिवस?" मी म्हणायचे, घरीच होते सर.

ते खरंच होतं.

हात जड झाला

तिसऱ्या आठवड्यात हात जड वाटायला लागला. दुखत नव्हता, हे लक्षात ठेवा. मी दुखण्याची वाट बघत राहिले आणि तिथंच फसले. संध्याकाळी वाटायचं की कुणी बाहीत ओली वाळू भरलीय. खांद्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, निळ्या शिरा दिसायला लागल्या होत्या. पूर्वी त्या नव्हत्या. मी ओढणी नीट करून घ्यायचे.

चाचांनी सांगितलं ते मी घरी सांगितलं नाही. पण साखरपुड्याला उजवा हात रिकामा बघून मायनं विचारलंच. हात दाखवला. माय म्हणाली, नस चढली. दुसऱ्या दिवशी ती मला गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांकडं घेऊन गेली. ते नस बसवतात. अख्ख्या पंचक्रोशीतली माणसं त्यांच्याकडं येतात आणि ते कुणाकडून काही घेत नाहीत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांनी तेल कोमट केलं आणि काखेपासून बोटांपर्यंत, बोटांपासून काखेपर्यंत, अर्धा तास हात रगडला. मला बरं वाटलं. त्या रात्री शांत झोप लागली.

पुढं डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते लिहिता लिहिता थांबले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठून कुठपर्यंत चोळलं?" एवढंच विचारलं. मी हातानं दाखवलं. त्यांनी लगेच स्टेथोस्कोप माझ्या छातीला लावला. मला अजूनही सगळ्या दवाखान्यातलं ते खाली ठेवलेलं पेन आधी आठवतं.

शेवटचा शनिवार

हा सामना जिंकला की राज्याला. मैदानावर सरांनी मला बाजूला घेतलं.

"हात कसाय?"

"बराबर आहे सर."

"खरं?"

"खरं."

मी आधीच फुल बाहीचा शर्ट घातला होता, डाव्या हातातल्या बांगड्या रुमालानं बांधल्या होत्या. ऊन होतं, सबा म्हणाली, मरशील. मी म्हणाले, काळी पडते.

पहिले वीस चेंडू ठीक गेले. पुढं चेंडू बोटांना कळेना. हातात आहे हे दिसत होतं, पण जाणवत नव्हतं, जणू दुसऱ्याच कुणाचा हात खांद्याला बांधलाय. सबा समोर बसून माझ्या बोटांकडं बघत होती. मध्ये ती उठून आली, कॅचर येते तशी, चेंडू द्यायच्या निमित्तानं. माझी नखं बघितली.

"ज्योती, तेरे नाखून जामुनी हुए."

"गप खेळ."

"मी सरांना सांगते."

"सांगितलंस तर तोंड बघणार न्हाई तुझं."

तिनं सांगितलं नाही. आजही ती म्हणते की तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक तीच. मी म्हणते, चूक माझी, तू फक्त मैत्रीण होतीस.

साठाव्या चेंडूला आम्ही दोन धावांनी पुढं होतो. सरांनी हात वर केला, मी बाहेर आले. नवख्या मुलीनं कसाबसा शेवट केला. आम्ही जिंकलो. मुली नाचत होत्या. मी पाण्याच्या टाकीमागं गेले आणि बाही वर केली. कोपरापासून खाली हात वांग्याच्या रंगाचा होता. मी तो डाव्या हातानं दाबला तर माझ्याच बोटांचे ठसे त्यात तसेच राहिले.

मागं सर उभे होते. त्यांनी हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "गाडीत बस."

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न

जालन्यात सोनोग्राफी झाली. अण्णा आणि माय भैय्याच्या मोटरसायकलवर गावाहून पोचले होते. माय तशीच, पदराला भुसा लागलेली. डॉक्टर तरुण होते, मराठीत सोपं करून सांगायचे. गळ्याच्या हाडाखाली आणि पहिल्या बरगडीच्या वर एक चिंचोळी जागा असते. तिथून हाताची मोठी शीर जाते. हात पुनःपुन्हा डोक्याच्या वर नेला, जोर लावला, की तिथं शीर चेमटते. माझी इतकी चेमटली होती की आत रक्ताची गाठ झाली होती. हात भरला, रिकामा होईना.

"गाठ सुटली आणि छातीत गेली तर अवघड होतं," ते म्हणाले. "आज रात्रीच संभाजीनगरला हलवा."

अवघड म्हणजे काय हे अण्णांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, आठवड्याला किती चेंडू टाकायचीस? सरांनी वही पुढं केली. डॉक्टरांनी पानं उलटली. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तर कमी आहेत. एवढ्यानं असं होईल असं वाटत न्हाई. अजून काही? हात वर करून काही काम?"

मी खाली बघितलं. मला माहीत होतं. त्या क्षणी मला माहीत होतं आणि तरी मी गप्प बसले. कारण सर शेजारी होते आणि त्यांच्या हातात ती वही होती, नेटक्या रेघांची.

बोलली माय. दाराशी उभी होती, आत यायला लाजत होती.

"पेंढ्या टाकल्या तिनं," ती म्हणाली. "कडब्याच्या. गंजी लै उंच झाल्ती यंदा. मीच सांगितलं. हजाराच्या आत न्हाईत, वरच असतील."

सरांनी वही मिटली आणि छातीशी धरली. अण्णा मायकडं असं बघत होते की मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील आणि मग ते कधीच परत घेता येणार नाही. ते बोलले नाहीत. पण पुढं पंधरा दिवस ते मायशी बोललेच नाहीत. वॉर्डात दोघं माझ्या खाटेच्या दोन बाजूंना बसायचे आणि माझ्या मार्फत बोलायचे. तिला म्हणावं जेवून घे. त्यांना म्हणावं मला भूक न्हाई.

वॉर्ड

दाखल करताना डाव्या हातात सुई लावायची होती, म्हणून नर्स बांगड्या फोडायला निघाली. मायनं तिचा हात धरला. "फोडू नका बाई. आजच्या दिवशी न्हाई." त्या नर्सबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी साबण आणला आणि एकेक बांगडी उतरवली. बाहेर रांग लागलेली होती, तरी बाराच्या बारा उतरवल्या. मला त्यांचं नाव माहीत नाही.

दवाखान्याचा दिवस सकाळी पाचला सुरू होतो. आधी रक्त काढणारा येतो. मग पोटात सुई. रक्त पातळ करायची औषधं रोज चालायची. हात दोन उशांवर उंच ठेवलेला, हलवायचा नाही. पहिले चार दिवस मी खोकलासुद्धा दाबून ठेवायचे. वाटायचं, खोकले आणि गाठ निघाली तर? छातीत साधी उबळ आली तरी मी श्वास मोजत पडायचे. पलीकडच्या खाटेवरची मावशी म्हणायची, पोरी, भिंतीकडं बघू नको, माझ्याकडं बघ. तिला स्वतःला पायात तीच गाठ होती. पाचव्या दिवशी सकाळी तिची खाट रिकामी होती. कुठं गेल्या, म्हणून मी नर्सला विचारलं. तिनं पलंगाची चादर बदलली आणि दुसऱ्या खाटेकडं गेली.

मी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

मला वाचता येतं हे वॉर्डात कळलं तसे लोक कागद घेऊन यायला लागले. कुणाची तपासणीची चिठ्ठी, कुणाचं योजनेचं कार्ड. डाव्या हातात कागद धरून मी वाचून दाखवायचे. त्यात माझा वेळ जायचा आणि भीती थोडी मागं सरकायची. तुम्ही दवाखान्यात पडून असाल तर दुसऱ्याच्या काहीतरी कामी या. औषधाइतकंच ते लागू पडतं.

सर एकदा आले. फळं नाही आणली, एक कोरी वही आणली आणि खाटेवर ठेवली. मग अण्णांना म्हणाले, मी विचारायला पाहिजे होतं, घरी काय काम असतं म्हणून. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे, मला कळायला पाहिजे होतं.

अण्णा म्हणाले, "तुमच्या खेळानं पोरगी आडवी पाडली, आन् आता वही आणून राह्यले?"

सर नमस्कार करून गेले. तेव्हा अण्णांना सांगायला हवं होतं की सरांनी मला वाचवायचाच प्रयत्न केला, खोटं मी बोलले. मी ते सांगितलं दोन महिन्यांनी.

एक ओळ

गाठ विरत आली, पण जागा चिंचोळीच होती. डॉक्टर म्हणाले, पहिली बरगडी काढावी लागेल, नाहीतर हे पुन्हा होणार. एवढ्या वयाच्या मुलीची बरगडी काढायची, हे ऐकून अण्णा बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. ते म्हणाले, लग्न कोण करील?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीचा कागद आला. सही मी करायची आणि एका नातेवाइकानं. अण्णांना सही येते, वाचता येत नाही. त्यांनी कागद माझ्याकडं दिला, वाच म्हणाले. मी वाचायला लागले. मधोमध एक ओळ होती. शस्त्रक्रियेच्या वेळी जिवाला धोका होऊ शकतो, याची मला कल्पना दिली आहे. मी ती सोडली. सरळ खालच्या ओळीवर गेले. आवाज बदलू दिला नाही. तीन वर्षं कॉलेजात वक्तृत्वाला भाग घेतला होता, तो त्या दिवशी कामाला आला.

अण्णांनी सही केली. कागद परत देताना म्हणाले, "मधली ओळ कामून सोडली?"

मी कागद उलटा ठेवला.

"तुझं बोट तिथं थांबलं व्हतं," ते म्हणाले. "मला वाचता येत न्हाई, बघता येतं."

मग ते उठले, पलीकडं मायच्या शेजारी जाऊन बसले आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला सरळ म्हणाले, "चहा घेतला का?"

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा काखेत आग होती आणि छातीत एक नळी. बाकी फार आठवत नाही. काढलेली बरगडी दाखवतात का, म्हणून मी विचारलं होतं म्हणे. सबा ते अजून सगळ्यांना सांगते.

मधलं वर्ष

संघ राज्याला गेला आणि तिसरा आला. सबाला प्रमाणपत्र मिळालं. माझ्या जागी दुसरीचं नाव गेलं होतं, तसंच व्हायला हवं होतं. सबा ते प्रमाणपत्र घेऊन मला दाखवायला आली नाही, मीच तिच्या घरी जाऊन बघितलं. चाचांनी मला चहा दिला आणि हाताकडं बघितलं.

परीक्षा मी डाव्या हातानं लिहिली, वेळेत जेवढं झालं तेवढं. पास झाले. पदवी मिळाली. रक्त पातळ करायचं औषध सहा महिने चाललं. दर महिन्याला तपासणी. साधी विळी लागली तरी रक्त थांबायचं नाही, म्हणून मायनं मला भाजी चिरू दिली नाही.

डॉक्टरांनी घरी एक काम दिलं होतं. दर रविवारी दोन्ही हात एकाच जागी मोजायचे. मायला टेपवरचे आकडे कळत नाहीत, म्हणून तिनं दोरा धरला. डाव्या हाताभोवती दोरा गुंडाळायचा, तोडायचा. मग तोच दोरा उजव्याला लावायचा. टोकाला टोक मिळालं की ती देव्हाऱ्याकडं बघून मान हलवायची आणि कामाला लागायची. वर्षभर टोकाला टोक मिळत राहिलं.

औषध बंद झालं. शेवटच्या वेळी डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळं कर. पण डोक्याच्या वर जोर लावायचा असेल तर आधी मला विचार.

मी विचारलं नाही.

पोलीस भरती निघाली. प्रमाणपत्र नाही, म्हणजे खेळाडूंची जागा नाही, म्हणजे मैदानात एकेक गुण महत्त्वाचा. मुलींना धावणं आणि गोळाफेक. धावण्यात मी बरी होते. गोळाफेकीचा सराव मी शाळेच्या मागच्या पटांगणात सुरू केला, सकाळी, माय शेतात गेल्यावर. कुणाला सांगितलं नाही. मनात हिशेब सोपा होता: बरगडी काढली, जागा मोकळी झाली, आता काय चेमटणार? शिकलेल्या माणसाची हीच खोड असते. अर्ध्या माहितीवर पूर्ण विश्वास.

मागचा रविवार

मायनं डाव्या हाताला दोरा लावला, तोडला. उजव्याला लावला. टोकं मिळाली नाहीत.

तिनं दोरा काढला, ताणून बघितला, पुन्हा लावला. मध्ये एक बोट मावेल एवढी जागा राहिली. आत जाऊन तिनं पिशवीत माझे सगळे रिपोर्ट भरले, एक लुगडं, एक चादर आणि तांब्या. चादर कशाला म्हणून मी विचारलं नाही. अण्णा अंगणात बसले होते. त्यांनी पिशवी बघितली आणि भैय्याला गाडी काढायला सांगितलं.

डॉक्टर तेच, संभाजीनगरचे. त्यांनी फाईल उघडली, हात हातात घेतला. ते विचारायच्या आतच मी बोलले.

"गोळा फेकला, डॉक्टर. उजव्या हातानं. रोज पंचवीस. एकोणीस दिवस."

मागं माय होती. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. डॉक्टरांनी आकडे लिहून घेतले. सोनोग्राफी करू, मग बघू, म्हणाले. हातात पुन्हा गाठ आहे का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. भरतीचं मैदान बारा दिवसांवर आहे. ते त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. माय पदर सावरून माझ्याकडं वळली. रागावलेली नव्हती. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, शाळेतल्या बाईंसारखा.

"अजून काय राह्यलं? आत्ताच सांग. समदं सांग."

मी आठवलं. "पाण्याचे हंडे. तू नसताना. नळ गेल्ता तवा हिरीवरून आणले."

"किती?"

"चार दिवस. रोज दोन."

"डोक्यावर?"

"डोक्यावर. वरून हातानं धरून."

"अजून?"

"शेजारच्या पोराला उचललं. वर उडवलं. हसतंय म्हणून."

"किती येळा?"

"मोजलं न्हाई माय."

"मंग आत्ता मोज," ती म्हणाली, आणि तिनं हाताची बोटं पुढं केली. मी आठवून आठवून सांगत गेले आणि ती अंगठ्यानं एकेक पेर दाबत गेली. एक हात संपला. तिनं दुसरा घेतला. तेव्हाच आतून माझं नाव पुकारलं. ती उठली, अंगठा त्या पेरावर तसाच दाबून धरलेला, आणि माझ्या आधी दारातून आत गेली.